पाहिलेल्या चित्रपटांची वही : तुमच्या यादीत सगळ्यात जास्त वेळा कोण भेटलं?

काल टीव्हीवर एक जुना सिनेमा मधूनच लागला. कुठला, तेही कळलं नव्हतं. दार उघडून पोलीस कमिशनर आत आले आणि माझ्या तोंडून निघालं, "इफ्तेखार!" लेक म्हणाली, "आई, हे हिरो नाहीत, मग यांना तू इतकी कशी ओळखतेस?"

उत्तर द्यायला गेले आणि थेट कपाटातून वह्या काढल्या. तीन आहेत. पहिली बाराव्या वर्षी सुरू केली, दादाशी पैज लागली होती जास्त सिनेमे कोण पाहतं याची. एका ओळीत सिनेमाचं नाव, तारीख, कोणाबरोबर पाहिला आणि कलाकार. कलाकार म्हणजे फक्त नायक-नायिका नाहीत हं. जुन्या सिनेमांत नामावली सुरुवातीलाच यायची, आणि ती चुकली तर दादाला सिनेमा पाहिल्यासारखाच वाटायचा नाही. तो एकेक नाव पुटपुटत वाचायचा, मी घरी येऊन आठवेल तेवढं लिहून काढायची.

काल रात्री आणि आज सकाळी बसून मोजलं. एकूण १८६२ ओळी. पहिला क्रमांक अमिताभचा असणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. अमिताभ ७९. इफ्तेखार ८३! त्यातले कितीतरी दोघांचे एकत्रच आहेत. ज्यांच्यासाठी एकदाही तिकीट काढलं नाही, तेच मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा भेटले. तेव्हापासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या यादीत कोण आहे? वही नसेल तर आठवणीतून सांगा.

शेवटचीरांग
इफ्तेखार कमिशनर आणि जगदीश राज इन्स्पेक्टर, ही जोडी माझ्याकडेही वर असणार. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला, गिनीज बुकात नोंद आहे. अनिता राजचे वडील. खाकी कपडे त्यांच्या अंगावर असे बसायचे की साध्या शर्टात दिसले तर मला चुकल्यासारखं व्हायचं

पाऊसवेळ
वही नाही. पण मोजायची गरजच नाही, रीमा लागू. नाटक, सिनेमा, मालिका सगळीकडे. त्यांचा जन्म १९५८ चा आणि संजय दत्तचा १९५९ चा, तरी 'वास्तव'मध्ये त्या त्याची आई आहेत आणि एका क्षणालाही खोटं वाटत नाही. जेमतेम एका वर्षाचं अंतर हो! बाकी नंतर लिहिते, कपडे वाळत घालायचेत

मधलीसुट्टी
एकच सिनेमा २२ वेळा पाहिला असेल तर २२ धरायचे की १? यावर सगळं अवलंबून आहे माझं.

निळीशाई (धागाकर्ती)
मी एकच धरलाय. परत पाहिला की त्याच ओळीपुढे बारीक रेघ मारते. २२ वेळा कुठला ते सांग ना पण!

मधलीसुट्टी
नाही सांगणार, इथे माझी बायको वाचते आणि तिला वाटतं ९ वेळा पाहिलाय 🙂

कोष्टकराव
गेली ११ वर्षं संगणकावर नोंद ठेवतोय. नवीन सुरू करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, घाईत लिहितोय.

सिनेमाच्या नावापुढे तो आला ते साल हवंच. नुसतं 'देवदास' लिहिलं तर १९५५ चा दिलीपकुमारचा की २००२ चा शाहरुखचा, हे वीस वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

कलाकार एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबू नका. दुसरं पान करा, त्यात एक सिनेमा आणि एक कलाकार अशी एकेक ओळ. सिनेमात दहा जण तर दहा ओळी. मग मोजणी आपोआप होते, हाताने रेघा मारायला नकोत.

तिसरं महत्त्वाचं. आठवणीतून यादी करताना कलाकाराच्या नावाने शोधू नका. आपण लाडक्या नटाची यादी उघडतो, हा पाहिलाय, हाही पाहिलाय असं करत खाली जातो, आणि तो पहिला येतो. येणारच, कारण शोधलंच त्याला! इफ्तेखारची यादी कोण उघडतं? त्याऐवजी साल धरून जा, १९७५ मध्ये आलेले सगळे, मग १९७६. वेळ लागतो, मला पाच महिने लागले, पण खरं चित्र मिळतं. ताईंच्या वहीत इफ्तेखार वर आले ते त्यांनी तेव्हाच्या तेव्हा लिहिलं म्हणून.

सत्तरीपार
कोष्टकराव, पूर्णपणे सहमत. मी ही चूक केलेली आहे. अशोककुमार १०४ असे अभिमानाने लिहून ठेवले होते. नातवाने एकेक कथा विचारली तेव्हा लक्षात आले की त्यातल्या बऱ्याच चित्रपटांची मी फक्त गाणी पाहिलेली आहेत. गाणे इतके ओळखीचे असते की चित्रपटही पाहिला असे मन ठामपणे सांगते. आता शेवट आठवला तरच धरतो. आकडा ६१ वर आला आहे आणि तो खरा आहे. १९३६ पासून थेट नव्वदच्या दशकापर्यंत काम केलेला माणूस. मी शाळेत असल्यापासून आजोबा होईपर्यंत दादामुनी पडद्यावर होतेच.

पाऊसवेळ
काका, शेवट आठवला तरच धरायचा हा नियम फार आवडला. माझे निम्मे जातील

अर्धविराम
मराठीत अशोक सराफ. विषय संपला.

शेवटचीरांग
विषय कसा संपला? निळू फुले आहेत की.

अर्धविराम
मोजून सांगतो.

चंद्रकोर
माझे बाबा आता आवाजावरून मोजतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. आधी सिनेमा बंदच केला होता त्यांनी, टीव्ही लावला की उठून आत जायचे. एकदा मी काहीतरी पाहत होते, ते आतून ओरडले, "अमरीश पुरी!" मग बाहेर येऊन बसले. त्या दिवसापासून आमचा खेळ आहे, पहिल्या वाक्यात ओळखायचं. ओम पुरी, अमरीश पुरी, ललिता पवार अर्ध्या शब्दात. ते सांगतात, मी लिहिते. आत्तापर्यंत २१७ सिनेमे झालेत दृष्टी गेल्यानंतरचे. बाबा त्याला दुसरी वही म्हणतात

निळीशाई
चंद्रकोर, वाचून एकदम थांबले गं. बाबांना माझा नमस्कार सांग. दुसऱ्या वहीत सगळ्यात वर कोण आहे?

चंद्रकोर
ओम पुरी, ताई 🙂

खिडकीपाशी
ललिता पवारांचं नाव वाचलं म्हणून लिहितेय. सासूबाईंना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. मला त्या कधी बहिणीच्या नावाने हाक मारतात, कधी नर्स समजतात. मागच्या महिन्यात जुना सिनेमा लावला होता, त्यात ललिता पवार आल्या आणि आई म्हणाल्या, "ही आली, आता सुनेचं काही खरं नाही." स्वच्छ, पहिल्यासारख्या आवाजात. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू घाबरू नकोस." मूकपटांच्या काळापासून सातशेच्या वर चित्रपट केले म्हणे ललिताबाईंनी. आमच्या घरी त्या एकदा आल्या त्याचं मोल मला विचारा

पाऊसवेळ
💛 काय लिहू

सत्तरीपार
सूनबाई, जपा स्वतःला. माझ्या पत्नीचेही शेवटची तीन वर्षे असेच होते. तिला गाणी लक्षात होती, माणसे नव्हती. गाणी लावत जा.

जपानीपंखा
मूळ विषयावर येतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे सगळे ३० चित्रपट क्रमाने पाहिले आणि वहीत मांडले. सगळ्यांना वाटतं तोशिरो मिफुने सर्वाधिक. तो १६ मध्ये आहे. ताकाशी शिमुरा २१ मध्ये! कधी म्हातारा कारकून, कधी सामुराईंचा म्होरक्या, कधी डॉक्टर. मिफुने पडद्यावर आला की नजर त्याच्यावरून हलत नाही हे खरंच, पण तो धुमसत असताना शेजारी शांत उभा असतो तो शिमुरा. दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त त्याच्याकडे पाहिलं, सगळे चित्रपट नव्याने कळले. आमचे इफ्तेखार ते.

सौमित्र चटर्जी सत्यजित राय यांच्या १४ चित्रपटांत आहेत, तेही असेच मांडायला घेतलेत. सहा राहिलेत पाहायचे.

मधलीसुट्टी
मल्याळममधले प्रेम नझीर आणि शीला १३० चित्रपटांत नायक-नायिका, तोही गिनीज विक्रम आहे. एवढे पाहणाऱ्याची वही कशी दिसेल याचा विचार करतोय

रेशीमधागा
मी वही नाही, लेटरबॉक्स्ड वापरते. २०११ साली न्यूझीलंडमधल्या दोघांनी सुरू केलेली साइट, फोनवर अॅप आहे. तारीख टाकायची, परत पाहिला असेल तर तशी खूण करायची, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मत. पैसे भरून सभासद झालं की सगळ्यात जास्त पाहिलेले कलाकार ते स्वतःच काढून देतात. पण एक लक्षात घ्या, तिथली माहिती टीएमडीबी या लोकांनी मिळून भरलेल्या संग्रहातून येते. त्यात नामावलीत नाव नसलेले लोकही असतात. जुने हॉलिवूडपट पाहणाऱ्यांच्या यादीत मग बेस फ्लॉवर्स वर येते. ही बाई आठशेच्या वर चित्रपटांत मागे, गर्दीत, मेजवानीच्या टेबलावर, नाट्यगृहाच्या खुर्चीत दिसते. बहुतेक ठिकाणी एक वाक्यही नाही. तिला शोधण्याचा नाद लागलाय आता. दिसली की इतका आनंद होतो, ओळखीचं कोणीतरी गर्दीत दिसल्यासारखा

कोष्टकराव
तिथून सगळी नोंद फाइल करून उतरवून घेता येते, वर्षातून एकदा घेत जा. साइट आज आहे, उद्याचं कोणी सांगावं.

निळीशाई
माझ्या पहिल्या वहीतलं पेन्सिलचं अक्षर फिकट होत चाललंय. काय करू? वरून पेनाने गिरवू का?

सत्तरीपार
अजिबात गिरवू नका!

कोष्टकराव
नको नको. खिडकीशी उजेडात, तिरक्या प्रकाशात फोटो काढा. पेन्सिलचा दाब कागदावर राहतो, अक्षर पुसट असलं तरी उमटतं. दोन ठिकाणी साठवा.

अर्धविराम
मोजलं. अशोक सराफ ४८, निळू फुले ४१. पण मोजता मोजता निळूभाऊंचे सात न पाहिलेले सापडले, त्यामुळे थांबा.

शेवटचीरांग
वाट बघतोय 🙂

एकटाकंदील
माझी यादी इरफानची आहे. फक्त त्याचीच ठेवतो. एक सिनेमा पाहायचा राहिलाय, मुद्दाम. २९ एप्रिल २०२० ला तो गेला, त्या रात्री हा एक लावायला घेतला आणि नावं सुरू व्हायच्या आधी बंद केला. पाहिला की यादी पूर्ण होणार. मग नवीन काही येणार नाही. सहा वेळा लावून बंद केलाय आत्तापर्यंत. मित्र म्हणतात बघून टाक, कशाला असं. नाही बघणार. अजून एक आहे, हे माहीत असलेलं बरं वाटतं

पाऊसवेळ
अरे… मी अगदी हेच रीमाताईंच्या एका सिनेमाचं केलंय. वर लिहायचं धाडस झालं नव्हतं

चंद्रकोर
एकटाकंदील, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर करतोय, राहू दे त्याला.

मधलीसुट्टी
बरं, २२ वेळा वाला सिनेमा बायकोने ओळखला. ती म्हणते तिनेही १७ वेळा पाहिलाय, मी कामावर असताना! आता दोघांची मिळून एक यादी करतोय.

रेशीमधागा
हे फार गोड आहे

खिडकीपाशी
निळीशाई ताई, कोणाबरोबर पाहिला हा रकाना तुमच्या वहीत आहे असं लिहिलंत, तो मोजलात का?

निळीशाई
दुपारभर तेच केलं. विचारलंस म्हणून लिहिते. दादा, ५१२ ओळी. लग्नानंतर तो दूर गेला तेव्हा आम्ही फोनवर ठरवून एकाच वेळी एकच सिनेमा लावायचो, तेही मी "दादा" असंच लिहिलंय. शेवटची ओळ २०१९ ची. त्यानंतर तो रकाना दोन वर्षं रिकामाच ठेवलाय मी, एकटीने पाहिले तरी "एकटी" असं लिहिलेलं नाही. हे माझ्या आज लक्षात आलं.

पैज तो जिंकला होता, त्याची वही २००० च्या पुढे गेली होती. ती वहिनीकडे आहे. आत्ताच तिच्याशी बोलले, पाठवते म्हणाली. त्यात इफ्तेखार किती ते बघायचंय.

सत्तरीपार
आली की कळवा. वाट पाहतो.

जपानीपंखा
ताई, त्यातलेही फोटो आधी काढा.

अर्धविराम
निळूभाऊंचा पहिला लावलाय. ४२.