नक्षी आधी, पाणी नंतर

एकाने विचारलंय की घडीच्या चाकूच्या पाठीवरच्या पट्टीवर, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवर, नक्षी कधी कोरायची. पाणी देण्याआधीच, म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन थंड करून कडक करण्याआधीच. एकदा पोलाद कडक झालं की कानस नुसती घसरते.

आमच्या सोलापुरात भंगारात ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे सहज मिळतात, त्यातूनच मी पट्टी काढतो. पहिली पट्टी दुसऱ्याच आठवड्यात तुटली, तीही हुरडा पार्टीत, सगळ्यांसमोर पेरू कापताना! चूक माझीच. आडवे खोल खाचे घातले होते. चाकू उघड-मिट करताना ही पट्टी दर वेळी वाकते आणि ताण नेमका खाचेच्या टोकाशी साठतो. आता खाचे उथळ, तळाशी गोलसर आणि फक्त कडांना ठेवतो. आणखी एक: पाणी दिल्यावर परत तापवताना पात्याला गवती पिवळा रंग आला की थांबा, पट्टी मात्र निळी होऊ द्या, साधारण ३०० अंशांपर्यंत.

फ्रान्सच्या लाग्योल चाकूंवरची ती प्रसिद्ध मधमाशी चांगल्या नगांत पट्टीतूनच घडवलेली असते, स्वस्तात वरून डाखलेली. नवशिक्याने मात्र सुरुवात मुठीच्या पितळी टोपणावर करावी. पितळ चुका पोटात घालतं.