मदत हवी आहे: झऱ्याचं पाणी वाडीवर आणलं, आता नळाला नुसती हवा येते

कोथरूडचा_निवडुंग
तातडीनं मदत हवीय. भीमाशंकरच्या जंगलात महादेव कोळ्यांची ३५ उंबऱ्यांची वाडी आहे. आम्ही सात-आठ जणांनी पैसे काढून वरच्या झऱ्यापासून वाडीपर्यंत काळा पाइप टाकला. दिवाळीनंतर छान पाणी आलं, फेब्रुवारीपासून बंद. रविवारी मी स्वतः नळ उघडला. आधी फुसफुस, मग लाल गढूळ पाण्याची एक चूळ, अर्धा तांब्यासुद्धा नाही, पुन्हा फुसफुस. बायका परत झिऱ्याशी, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या खड्ड्याशी, बसून वाटीवाटीनं हंडा भरतायत. प्लंबर म्हणतो मोटर लावा. कोणती घ्यावी? शनिवारी जायचंय.

जुना_ओव्हरसियर
मोटरचं नंतर बघू. झरा वाडीपेक्षा किती उंच? पाइप किती लांब, किती एमएमचा? मध्ये कुठे चढ आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कोथरूडचा_निवडुंग
झरा वरच आहे हो, म्हणून तर पाणी येत होतं! पाइप ११०० मीटर, ४० एमएम. मोटरचं सांगा ना.

पन्हळ
तिथे एवढा पाऊस कोसळतो, झऱ्यामागे कशाला लागायचं? १ चौरस मीटर पत्र्यावर १०० मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. छपरांना पन्हळी लावा, घरटी १०,००० लिटरची फेरोसिमेंटची (तारेची जाळी आणि सिमेंट) टाकी बांधा. मी स्वतः फार्महाउसवर केलंय, पाच वर्षं बघावं लागलं नाही.

जुना_ओव्हरसियर
१०,००० लिटर, पाच माणसं, पावसाळा सोडून आठ महिने. माणशी रोज जेमतेम ८ लिटर. पिण्या-रांधण्याचं भागेल, धुणंभांडी आणि गुरांचं काय? जलजीवन मिशनसुद्धा माणशी ५५ लिटर धरतं.

पन्हळ
८ लिटर हातचे असतील तर मे महिन्यात तेही सोनंच आहे. फार्महाउस आणि वाडी एक नाही हे मलाही कळतं.

सिंहगड_रोड
जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हापासून मी पाण्याच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाही. वाडीला आरओ बसवाच.

पाणी_तपासनीस
आरओ क्षार काढायला. डोंगरातल्या झऱ्याला क्षार कमीच असतात, भीती जंतूंची. शिवाय आरओला वीज लागते आणि बरंच पाणी वाया जातं. टाकीत १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, अर्धा तास थांबायचं, नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिग्रॅ क्लोरीन उरला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गढुळात क्लोरीन वाया जातो. झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं बांधू नका.

रानवाटा
घोडेगावकडून रस्ता कसा आहे आता? आणि शेकरू दिसतं का त्या बाजूला?

कायदा_आणि_पाणी
पाइप वनजमिनीतून गेलाय का? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाइपलाइन दोन्ही येतात. एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, ग्रामसभेची शिफारस हवी. आधी ठराव करून घ्या, नाहीतर उद्या कुणीही पाइप उखडून टाकेल.

कोथरूडचा_निवडुंग
ठराव आहे! शेकरूचं नंतर. मला पाणी हवंय.

झिरपा
उन्हाळ्यात झरा आटला असणार. पाइपाचं तोंड उघडं पडलं की तो हवा ओढतो. हेच कारण, दुसरं काही नाही. तोंड खाली घ्या आणि खालचा कॉक आवळा.

जुना_ओव्हरसियर
मला तसं वाटत नाही. एक सांगा, झऱ्याच्या पेटीचा ओव्हरफ्लो वाहतोय का? आणि मध्यंतरी पाइप कुठे तुटला होता?

कोथरूडचा_निवडुंग
वाडीवर फोन केला, सखाराममामा वर जाऊन आले. पेटी भरून वाहतेय. पाइप जानेवारीअखेर रानडुकरांनी उकरला होता, निखळलेला जोड पोरांनी पुन्हा बसवला. मध्ये खिंडीत पाइप थोडा चढतो.

झिरपा
पेटी वाहतेय म्हणजे माझं म्हणणं चुकलं.

जुना_ओव्हरसियर
अहो, डुकरांचं आधी सांगायचं! तुटला तेव्हा पाइप रिकामा झाला, जोडल्यावर खिंडीतल्या उंचवट्यावर हवा कोंडली. पहिल्यांदा वरून खाली पाइप जोडत आलात, तेव्हा ती पाण्यापुढे निघून गेली होती. आता खिंडीतल्या सगळ्यात उंच जागी सॅडल (पाइपावर आवळायचा जोड) बसवून अर्ध्या इंची कॉक लावा. उघडा, हवा जाऊ द्या, पाणी आलं की बंद करा. पुढे तिथेच हवा आपोआप सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवा. सखल जागी गाळ काढायला दुसरा कॉक.

पण आधी गवंड्याच्या लेव्हल नळीनं उंची मोजा, मोबाइलची उंची धरू नका. खिंड झऱ्याहून वर असेल तर आजवर सायफननं, म्हणजे भरलेल्या पाइपातल्या पाण्याच्या ओढीनं, पाणी येत होतं. तिथे कॉक उघडलात तर हवा उलट आत शिरेल. तसं असेल तर पाइप वळसा घालून खालून न्या.

रानवाटा
रस्त्याचं कुणी सांगेल का?

कोथरूडचा_निवडुंग
रस्ता ठीक आहे, शेवटचा तुकडा खडीचा. काका, सॅडल, दोन कॉक आणि नळी आज घेतो. वाडीत वीज भरवशाची नाही, भोक कसं पाडू?

जुना_ओव्हरसियर
हाताचं गिरमिट घ्या. आणि भोक पाडण्याआधी झऱ्याशी पाइपाच्या तोंडाला बूच मारा.