पिशवीतल्या लघवीच्या कल्चरला ‘मिक्स्ड ग्रोथ’, परत तपासू का?

चिंगीची_आई: मुलगी १४ महिन्यांची. सर्दी-खोकला, ताप १०१ च्या आसपास होता. पिशवी चिकटवून लघवी घेतली. रूटीनमध्ये (लघवीची साधी तपासणी) पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी २-३, नायट्राइट (काही जंतूंमुळे लघवीत तयार होणारा पदार्थ) निगेटिव्ह. कल्चरला (लघवीतले जंतू वाढवून बघतात ते) मात्र ‘मिक्स्ड ग्रोथ, तीन प्रकारचे जंतू’. ताप आता उतरलाय, नाक तेवढं गळतंय. तरी डॉक्टर परत कल्चर करा म्हणतात. करू का?

प्लेटवाली: मी लॅबमध्ये कल्चर लावते, औषधं देत नाही, हे आधीच सांगते. असल्या प्लेट्स (जंतू वाढवायच्या ताटल्या) आमच्याकडे सारख्या येतात. पिशवीतली लघवी कातडीला लागून, शीच्या जागेजवळून येते आणि तिथले जंतूही घेऊन येते. तीन जाती एकत्र उगवल्या की आम्ही नमुना दूषित धरतो. पिशवीचा रिपोर्ट ‘इन्फेक्शन नाही’ म्हणायला चालतो, ‘आहे’ म्हणायला नाही.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये २ ते २४ महिन्यांच्या तापाच्या बाळांत लघवीचं इन्फेक्शन आहे म्हणायला दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या: रूटीनमध्ये पू किंवा जंतू दिसायला हवेत, आणि मूत्रमार्गात बारीक नळी घालून घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये मिलिलिटरमागे जंतूंच्या किमान ५०,००० वसाहती (प्लेटवर उगवलेले ठिपके) हव्यात.

माझी चिडचिड होते ती कल्चर सरसकट पाठवण्यावर. काही रुग्णालयांत रूटीनमध्ये पू दिसला तरच कल्चर लागतं, तशी सोय संगणकातच असते. छान पद्धत आहे. एकदा ‘ग्रोथ’ असा शब्द छापून आला की कुणीतरी अँटिबायोटिक लिहितंच.

(दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काही लावू नका. ताप आला की थेट डॉक्टर.)

चिंगीची_आई: नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे निश्चिंत ना?

प्लेटवाली: त्याच्या भरवशावर नको. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास साचावी लागते, आणि बाळं सारखी शू करतात. पस सेल्स २-३ च, म्हणजे नसल्यातच जमा, हे जास्त महत्त्वाचं. डॉक्टरांना सरळ विचारा, “पू नाही, ताप गेलाय, मग पुन्हा तपासून उपचारात काय बदलणार?” ताप परत चढला तर मात्र थांबू नका, आणि कल्चरचा नमुना नळीनेच घ्यायला सांगा.

दोन_पोरांचा_बाबा: आमच्या मुलाला खरंच इन्फेक्शन होतं. औषध संपल्यावर ‘साफ झालं का बघू’ म्हणून परत कल्चर सांगितलंय.

प्लेटवाली: मूल बरं झालं असेल तर सहसा गरज नसते. त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडू शकतात, आणि मग त्यांच्यावर औषध सुरू होतं.