गोठ्याला लागून घर, लेक रांगतेय. स्वच्छता कुठवर पाळायची?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही पाटण तालुक्यातले. दोन म्हशी, एक रेडकू, सहा कोंबड्या. गोठा आणि सोपा यांच्यात एकच भिंत. लेक दहा महिन्यांची आहे, रांगत थेट उंबऱ्याशी जाते. काल बघते तर मुठीत कोंबडीची शीट, आणि मूठ तोंडाकडे निघालेली. काळजात धस्स झालं.

आत्याबाई म्हणतात, "मातीतलं पोर काटक होतं, किती धुशील?" त्यांचंही खोटं नाही. गुरांजवळ वाढलेल्या मुलांत दमा, ॲलर्जी कमी दिसते, असं युरोपातल्या अभ्यासांत आढळलंय. पण शेणा-शिटेतून जुलाबाचे जंतूही येतात ना!

दूध उकळल्याशिवाय आम्ही कुणी पीत नाही. धार काढून आलं की साबणाने हात, गोठ्यातल्या चपला बाहेरच. म्हैस व्याली तेव्हा वार (रेडकामागून पडणारी जार) उघड्या हाताने उचलू दिली नाही, चुना टाकून खोल पुरली. गुरांच्या सांसर्गिक गर्भपाताचे (ब्रुसेलोसिस रोगाचे) जंतू त्यातून माणसालाही लागतात.

खरी अडचण पावसाळ्याची. आमच्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही. मूत भिंतीकडे मुरतं, सोप्याची फरशी ओलसर, माश्या पोरीच्या तोंडावर. फिनेलने पुसावं तर ती त्यावरच रांगते.

गव्हाणीमागून नाली काढून मूत शोषखड्ड्यात सोडलेलं कुणाचं आहे का? उतार किती ठेवलात? कोंबड्या सोप्यात येऊ नयेत म्हणून काय केलंत? लहान लेकरू असलेल्या बायांनी जरूर सांगा.