'इफेमेरा'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेल्हाळ
एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय, मथळा दिलाय 'पुतळ्याचे आगमन'. न्यू यॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जून १८८५ मध्ये फ्रान्सहून बोटीनं आला, ऑक्टोबर १८८६ मध्ये त्याचं अनावरण झालं. त्या निमित्तानं निघालेल्या आमंत्रणपत्रिका, जाहिरातीची रंगीत कार्डं, छातीवर लावायच्या फिती, पदकं, असा सगळा ऐवज. मूळ शब्द 'इफेमेरा'. मी 'क्षणभंगुर साहित्य' लिहिलं, तर संपादकबाईंनी समासात शेरा मारला, "कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं." दुसरं काही सुचतंय?

पेठकर
क्षणिका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एक दिवस टिकणारं' असाच आहे.

गवतीचहा
क्षणिका म्हणजे चार ओळींची कविता हो! आणि एक दिवस टिकणारं म्हणाल तर 'एकदिवसीय' घ्या, लोक स्कोअर विचारतील.

जुळारी
आमच्या आजोबांचा छापखाना होता. पुस्तकाचं काम वेगळं आणि 'जॉबवर्क' वेगळं. लग्नपत्रिका, हँडबिलं, लेबलं, पावतीपुस्तकं हे सगळे जॉब. पुस्तकांपेक्षा घर त्यावरच चालायचं. ताई, तुमच्या यादीतला निम्मा माल जॉबवर्कच आहे.

पेठकर
जॉबवर्क हे मराठी? सावरकरांनी 'महापौर' दिला म्हणून मेयर गेला. 'तात्कालिक मुद्रिते' लिहा, पाच वर्षांत रुळेल.

गवतीचहा
महापौर तोंडात बसला म्हणून रुळला. 'तात्कालिक मुद्रिते' म्हणताना माझी कवळी हलते. शिवाय पदकं मुद्रित कशी? चौथऱ्याच्या निधीसाठी अमेरिकन समितीनं सहा इंची पुतळे एका डॉलरला आणि बारा इंची पाच डॉलरला विकले. त्यांनाही मुद्रितेच म्हणायचं का?

सातसमुद्र
त्या छोट्या पुतळ्यांवरून आठवलं. मोठा पुतळा पॅरिसच्या गाजे-गोतिए कारखान्यात घडला. त्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर गाजे हे नाव असायचं, त्यावरूनच 'गॅजेट' शब्द आला म्हणतात.

जुळारी
ही कथा गोड आहे, पण खलाशांच्या बोलीत गॅजेट त्याआधीपासून होता असं सांगतात.

सातसमुद्र
खलाशी बोलत होते ते लिहून कोणी ठेवलं होतं? मला गाजेच पटतो.

शब्दवेल्हाळ
मंडळी, माझा शब्द! 'किरकोळ छापील वस्तू' कसं वाटतं?

पेठकर
किरकोळ म्हटलं की भुसार दुकान. त्यापेक्षा तुमच्या मथळ्यातलं 'पुतळ्याचे आगमन' आधी बदला. २१४ खोकी आली होती, सुटे भाग भरून. चौथरा तयार नव्हता, म्हणून खोकी जवळजवळ वर्षभर बेटावर पडून राहिली. याला आगमन म्हणत नाहीत, माल उतरला म्हणतात.

गवतीचहा
पण न्यू यॉर्कनं खोक्यांचंच स्वागत केलं ना? इझेर बोट बंदरात आली तेव्हा इतर बोटी सामोऱ्या गेल्या. लालबागला मूर्ती मंडपात यायची असते तेव्हाही आपण 'आगमन' म्हणतोच, प्राणप्रतिष्ठा नंतर होते.

पेठकर
तिथे मूर्ती अखंड असते. आणि देवाचं आगमन होतं, पुतळा आणतात.

सातसमुद्र
मग 'स्वातंत्र्यदेवी' कशाला म्हणता? देवी म्हटलं की आगमन आलंच.

जुळारी
आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा पुतळा तिथे नव्हता. पण आमच्या मंडळाच्या नाटकात त्या बोटीतून उतरायच्या आणि मागच्या पडद्यावर हातात मशाल घेऊन ही बाई उभी. कोणी हरकत घेतली नाही.

पेठकर
मशाल नव्हे, दिवटी. मशाल अरबी आहे.

गवतीचहा
हरकत पण अरबीच आहे. ती घेताना बरी चालते तुम्हाला!

पेठकर
मी घेतली नाही, जुळारींनी लिहिली. मी 'आक्षेप' म्हणतो.