चेक बाउन्स झाला, रक्कम 45 हजार. वकील करावा का?

बावधनकर: जुन्या ऑफिसातल्या एकाला 45 हजार उसने दिले होते, जीपेने. बरीच टोलवाटोलवी करून त्याने एकदाचा चेक दिला, तोही त्याच्या नागपूरच्या बँकेचा. मी इथे पुण्यात माझ्या खात्यात टाकला, परत आला. चेक परत केल्याचा बँकेचा मेमो 9 जुलैचा, 'फंड्स इन्सफिशियंट'. वकिलावर 3 हजारांच्या वर घालवायची तयारी नाही. कोणी सुचवेल का?

आप्पा_निवृत्त: वकील कशाला? सरळ चौकी गाठा. चेक न वटणं हा गुन्हा आहे, दोन वर्षं आत जातो माणूस.

काळाकोट: आप्पा, चौकीत बोळवण होईल. 138 ची, म्हणजे चेक बाउन्सच्या कलमाची, तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे करायची असते. आधी नोटीस, मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत. ती पोचल्यावर त्याला 15 दिवस. तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. दोन वर्षं ही कमाल शिक्षा, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कडकलक्ष्मी: माझा साडेचार लाखांचा होता. मोठ्या वकिलाकडेच जा. आमच्या साहेबांनी नुसत्या नोटिशीचे 15 हजार घेतले, पण लेटरहेड बघूनच समोरच्याची तंतरली. लगेच आरटीजीएस!

बावधनकर: ताई, 3 हजार म्हटलंय मी.

वऱ्हाडी_ठेचा: नागपूरचा चेक म्हणजे केस नागपूरलाच. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलंय. मी अमरावतीहून पुण्याला खेटे घातलेत, मला विचारा.

काळाकोट: तो निकाल खरा, पण 2015 च्या दुरुस्तीने चित्र बदललं. चेक खात्यात भरला असेल तर ते खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. यांची केस पुण्यातच.

वऱ्हाडी_ठेचा: मग माझ्या रेल्वेच्या तिकिटांचं काय?

खिचडी_बाई: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मला फुकट वकील मिळाला, बाईमाणसाला उत्पन्नाची अटसुद्धा नाही.

बावधनकर: मी पुरुष आहे हो.

सातारी_कंदी: मी नोटीस स्वतःच लिहिली होती. वकिलाचीच सही हवी असं कायद्यात कुठे नाही.

काळाकोट: बरोबर. फक्त चेक नंबर, तारीख, मेमोची तारीख सगळं लिहा आणि मागणी नेमकी 45 हजारांचीच करा. व्याज-खर्च मागायचा तर वेगळा दाखवा. सगळं एकत्र करून 60 हजार मागितलेत तर नोटीसच लंगडी पडते आणि पुढची केस तिथेच गचकते. पत्ता अचूक हवा. मग 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं तरी कोर्ट सहसा पोचली असंच धरतं.

आप्पा_निवृत्त: रजिस्टर एडीनेच पाठवा.

सातारी_कंदी: आप्पा, रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.

आप्पा_निवृत्त: काही विलीन झालेलं नाही. आमच्या पोस्टातला माणूस ओळखीचा आहे.

सातारी_कंदी: मग त्यालाच विचारा.

निवांत: नोटीस सोपी हो, पुढचं बघा. समन्स लागता लागत नाही, आरोपी घर बदलतो, जज रजेवर, पुढची तारीख. माझी केस शेवटी लोकअदालतीत मिटली, तीही मुद्दलावर. व्याजाला रामराम. आधी कळलं असतं तर पहिल्याच तारखेला तडजोडीचा अर्ज टाकला असता.

कडकलक्ष्मी: म्हणून म्हणते, मोठा वकील.

आप्पा_निवृत्त: आणि हो, नोटीस 30 दिवसांत जायला हवी. हे कोणी सांगितलं नाही.

काळाकोट: 🙏

बावधनकर: सगळ्यांचे आभार. काल त्याच्या बायकोचा फोन आला. सोमवारी पगार होतोय, चेक परत टाका म्हणाली. वहिनी सरळ बाई आहेत. नोटीस वगैरे नको, मंगळवारी पुन्हा टाकतो.

निवांत: झालं! पगार झाला की ईएमआय आधी कापून जाईल.

सातारी_कंदी: चेकऐवजी जीपेच करायला सांगा ना मग?

बावधनकर: नको, त्याने 'हो करतो' म्हणून परत महिना काढला तर?

काळाकोट: टाका. मुदतीत पुन्हा टाकता येतो आणि परत आला तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस. पण चेकवरची तारीख काय? तीन महिनेच चालतो.

बावधनकर: 2 मे.

काळाकोट: मग मंगळवार चुकवू नका. आणि जुना मेमोही जपून ठेवा.