अकोल्याचा उन्हाळा, पाणी न पिणारा बोका आणि महिन्याचे १२०० रुपये

वऱ्हाडकर_२१

नमस्कार मंडळी. अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहतो. सोबत भुऱ्या नावाचा बोका आहे, वय दोनेक वर्षं, वजन साडेचार किलो, नसबंदी झालेली. दिवसभर मी दुकानावर असतो, तो घरात. ड्राय फूड आवडीनं खातो, पण पाण्याच्या वाटीकडे फिरकत नाही. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून काळजी वाटते.

त्याच्या खाण्यावर महिन्याला १२०० च्या वर खर्च झेपत नाही, रोज पाऊच (ओल्या खाण्याचं पाकीट) शक्यच नाही. आई म्हणते दूध-पोळी घाल. शेजारचे काका म्हणतात सुकट घाल. दुकानदार म्हणतो कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं, तेच दे. काय करू?

खाडीकाठ

सुकट नको हो, नुसतं मीठ असतं त्यात. आम्ही मांदेली किंवा बांगड्याची डोकी मीठ-हळद न घालता उकळतो, काटे काढतो आणि पाण्यासकट गार करून वाढतो. मांजरं पाणीही चाटून पुसून संपवतात. मासे कच्चे घालू नका. काही कच्च्या माशांतल्या थायमिनेज नावाच्या द्रव्यामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, शिजवल्यावर तो धोका जातो. पण हे आठवड्यातून एक-दोनदा, चवीपुरतं.

वऱ्हाडकर_२१

धन्यवाद दादा, पण घरमालक शाकाहारी आहेत. खोलीत मासे, मटण, अंडी काही शिजवायचं नाही, या अटीवरच जागा मिळाली. पाकिटातलं खाणं चालतं त्यांना.

गोदाकाठची मावशी

वऱ्हाडकर भाऊ, मी नांदेडची, म्हणजे ऊन तुमच्यासारखंच. घरात चार मांजरं, त्यातले दोन बोके. घरात काही शिजवता येत नाही म्हणून मन लहान करू नका. तुमच्या पैशांत भुऱ्याचं नीट होऊ शकतं.

आधी पाण्याचं. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. पाणी त्यांना शिकारीच्या मांसातूनच मिळायचं, म्हणून तहान मुळातच कमी. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ड्राय फूडमध्ये जेमतेम आठ-दहा. साडेचार किलोच्या बोक्याला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २२५ मिली पाणी लागतं, आणि ५५ ग्रॅम ड्राय फूडमधून मिळतं पाचेक मिली. बाकीचं तो वाटीतून पिईल याची वाट बघत बसू नका, खाण्यातच घाला. सकाळ-रात्र निम्मं-निम्मं ड्राय फूड घ्यायचं, प्रत्येक वेळी ५० मिली कोमट पाणी ओतून पंधरा मिनिटं भिजू द्यायचं. रोजच्या रोज १०० मिली असंच पोटात जातं, आणि त्याला पैसा लागत नाही. उन्हाळ्यात भिजवलेलं उरलं तर तासाभरात टाकून द्या, आंबतं. तुम्ही दिवसभर बाहेर, तर दुपारसाठी थोडं कोरडंच ठेवा, ते रोजच्या मापातलंच.

पाण्यासाठी कुंभाराकडून दोन-तीन पसरट परळ आणा. खोल वाटीत मिशा कडेला घासतात, ते पुष्कळ मांजरांना आवडत नाही. भाजलेल्या, चकाकी न दिलेल्या मातीच्या भांड्यात पाणी माठातल्यासारखं गार राहतं. मात्र परळाला शेवाळ धरतं, म्हणून रोज काथ्यानं घासायचं आणि आलटून-पालटून उन्हात वाळवायचं. खाण्याच्या ताटलीला किंवा शी-शूच्या ट्रेला खेटून पाणी ठेवू नका, खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. कूलर असेल तर त्याची टाकी झाकून घ्या. मांजरं नेमकी तिथंच तोंड घालतात आणि ते पाणी दिवसेंदिवस साचलेलं असतं.

आता कुत्र्याच्या खाण्याचं. हे अजिबात करू नका. टॉरिन नावाचं द्रव्य कुत्र्याचं शरीर स्वतः बनवतं, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचा हा आजार टॉरिनच्या कमतरतेशी जोडून दाखवला, त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात ते वाढवलं. दूध-पोळीचंही तेच, वरून मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी आणखी जातं. आईंना सांगा, माया कळते, पण मांजर ही मांसावर जगणारी जात आहे.

हिशेब असा. रोज ५५ ग्रॅम म्हणजे महिन्याला १६५० ग्रॅम. किलोला ४०० धरले तर ६६० रुपये. आठवड्याला दोन पाऊच, ४५ चा एक धरला तर ४०० च्या आत. पाऊचवर 'कम्प्लीट' लिहिलंय का बघा, 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे. पाऊचच्या दिवशी ड्राय फूड वीसेक ग्रॅम कमी करा, नसबंदी झालेला बोका लवकर सुटतो. सुटं ड्राय फूड घेऊ नका, त्याला ना तारीख ना लेबल. कंपनीच्या पिशवीतच ठेवून ती पिशवी डब्यात घाला. उरलेले शे-दीडशे रुपये वेगळे काढत जा, ते दवाखान्याचे.

हे दवाखान्याचं मी कळकळीनं सांगते. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली की खडे किंवा चिकट गाळ अडकायचा धोका वाढतो. तो ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय आणि लघवी थेंब-थेंब किंवा काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लोकांना वाटतं शी साफ होत नाही, म्हणून तेल पाजत बसतात, आणि एक-दोन दिवसांत रक्तात पोटॅशियम वाढून जनावर जातं. आमच्या काळूला रात्री अकराला नेलं, नळी घालून मोकळं केलं, म्हणून तो आज आहे. तुमच्या अकोल्यात तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथल्या दवाखान्याच्या वेळा आणि शुल्क आत्ताच विचारून ठेवा. रात्री कुठे न्यायचं तेही ठरवून ठेवा.

रोज ट्रे साफ करताना लघवीनं वाळूचे झालेले गोळे बघा. गोळे मोठे आणि रोजच्याइतके असले की पाणी पुरतंय.

खाडीकाठ

मावशींचं पटलं. एक भर घालतो: खानावळीतून चिकनचा रस्सा आणून देऊ नका. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

वऱ्हाडकर_२१

परळ आणले, एकातलं पाणी तो प्यायलाही! पण भिजवलेलं खाणं हुंगून निघून जातो. भूक लागेल तेव्हा खाईल म्हणून ठेवून देऊ का?

गोदाकाठची मावशी

नाही भाऊ, मांजराला हट्टानं उपाशी ठेवायचं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचते, जाड मांजरांना तर हे लवकर होतं. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर सरळ डॉक्टरांना दाखवा. सध्या कोरडंच वाढा आणि त्यावर फक्त एक चमचा कोमट पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांनी दोन चमचे. कोमट पाण्यानं वास सुटतो, त्यानं तो ओढला जाईल. पाऊचच्या दिवशी रिकामं पाकीट पाण्यानं विसळून तेही त्यावर घाला. महिनाभर लागला तरी चालेल.